डोंगरात कोरलेले गाव आणि आमची कोरडी विहीर

रनाळ्याला आमच्या शेतात आजोबांच्या हातची एक विहीर आहे. मुरूम संपेपर्यंत दगडाने बांधलेली आणि खाली काळ्या पाषाणात नुसती कोरलेली. आजोबांच्या काळी तिच्यावर मोट चालली, वडिलांच्या काळी ऑइल इंजिन आणि माझ्या हाती विजेची मोटार आली. मोटेच्या वेळी पाणी बैलाच्या दमाने निघे. मोटार आल्यावर ते बटणाच्या दमाने निघू लागले आणि वर्षावर्षाला खाली जात राहिले.

२०२३ ची आखाजी आम्ही विसरणार नाही. आखाजी हा आपल्या खान्देशातला लेकीबाळींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि पितरांच्या नावाने घरात पाण्याची घागर भरली जाते. त्या वर्षी विहिरीने तळ दाखवला होता. घागर टँकरच्या पाण्याने भरली. माहेरी आलेल्या माझ्या दोन्ही बहिणी हंडे घेऊन टँकरपुढे रांगेत उभ्या राहिल्या. आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "आजानी इहीर शे, आनि आखाजीनी घागरले टँकरनं पानी!"

तेव्हापासून घरात एकच वाद होता. धाकट्या भावाचे म्हणणे, चौथे बोअर घ्यायचे. पहिल्या दोन बोअरमधून नुसता फुफाटा निघाला होता, तिसऱ्याने दोन वर्षे पाणी दिले आणि हात वर केले. चौथ्यासाठी कर्ज काढावे लागणार होते. मी नको म्हणत होतो, पण "मग काय करायचे?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोघे भाऊ एका ताटात जेवणारे, पण सहा महिने आमचे बोलणे कामापुरतेच उरले होते.

नातवाने दाखवलेले चित्र

२०२४ च्या जानेवारीत कापसाची वेचणी आटोपली आणि आईला घेऊन मी मुंबईला मुलीकडे निघालो. मामाही सोबत आले. मामांचे वय सत्तरीपुढे आहे. उमेदीची तीस वर्षे त्यांनी विहिरी खोदण्यात घालवली. नंदुरबारला रात्री गाडीत बसलो आणि सुरतमार्गे पहाटे बोरिवलीला उतरलो.

नातू सहावीत आहे. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवले. गुलाबी डोंगराच्या कड्यात कोरलेला, खूप उंच दर्शनी भाग. "आजोबा, हे पेट्रा. वाळवंटातले शहर. सगळे डोंगर कोरून केले आहे."

पेट्रा हे जॉर्डन देशात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे नबाती नावाचे अरब लोक राहत. धूप आणि मसाल्यांचे उंटांचे तांडे त्यांच्या मुलखातून जात, त्या व्यापारावर ते श्रीमंत झाले. शहरात शिरायला सुमारे सव्वा किलोमीटर लांबीची अरुंद घळ आहे. ती संपते तिथे तो कोरीव दर्शनी भाग दिसतो, उंची सुमारे ४० मीटर. इ. स. १०६ मध्ये ते राज्य रोमनांनी घेतले, ३६३ मध्ये मोठा भूकंप झाला आणि पुढे शहर ओस पडत गेले. १८१२ मध्ये बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी तिथे पोहोचला तेव्हा युरोपला त्याची पुन्हा ओळख झाली.

मामांनी चित्राकडे फार वेळ पाहिले नाही. त्यांनी विचारले, "पण तिथले लोक पाणी कुठले पीत होते?"

प्रश्न विहीर खोदणाऱ्याचा होता. त्याचे उत्तर असे, की पेट्राला वर्षात जेमतेम सहा इंच पाऊस पडतो, पण तेवढाच त्या लोकांनी सांभाळला. घळीच्या दोन्ही भिंतींत पाण्याचे पाट कोरले, काही ठिकाणी भाजक्या मातीचे नळ बसवले. पावसाचा लोंढा शहरात घुसू नये म्हणून घळीच्या तोंडाशी बांध घातला आणि पाणी दुसऱ्या बाजूने वळवले. डोंगरात शेकडो टाकी खोदली. 

"असे गाव आपल्याकडे नाही का?" नातवाने विचारले. जावई हसून म्हणाले, "आहे की. इथून बसने तासाभराच्या अंतरावर."

काळ्या डोंगरावर

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. नाव मूळचे कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. कृष्णगिरीचे कण्हगिरी झाले आणि त्याचे कान्हेरी. उद्यानाच्या मोठ्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. रस्ता दाट झाडीतून जातो. साग, पळस, करवंदीच्या जाळ्या पाहून आईला सातपुड्याची आठवण झाली.

अजिंठा आणि वेरूळ आपल्या खान्देशातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात. तिथे चित्रे आणि मूर्ती पाहून डोळे दिपतात. कान्हेरीचे तसे नाही. इथले कोरीव काम पुष्कळ ठिकाणी साधे आहे. पण इथे शंभरावर लेणी एकाच डोंगरावर आहेत, खाली, वर, घळीच्या दोन्ही अंगांना. इसवी सनाच्या आरंभापासून अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे हजार वर्षे, इथे बौद्ध भिक्षू राहिले. राहण्याच्या खोल्या, प्रार्थनेचे मंदिर, एकत्र बसण्याची जागा, पायऱ्या, वाटा, पाणी, आणि मेलेल्या भिक्षूंच्या स्मरणाचे स्तूपसुद्धा आहेत. गावाला जे जे लागते ते सारे इथे दगडात आहे.

पहिलेच लेणे अर्धवट आहे. दोन जाडजूड खांब सुटे करून काम सोडून दिलेले. बाकीचे लोक ते सोडून पुढे गेले, मामा मात्र तिथेच थांबले. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर त्यांनी हात फिरवला आणि नातवाला म्हणाले, "घर पायापासून बांधतात. लेणे आढ्यापासून सुरू करतात. आधी छत, मग खांबांची डोकी, मग खाली उतरत उतरत जमीन. म्हणजे परांची बांधावी लागत नाही आणि वरचा दगड तयार कामावर पडत नाही. विहिरीचेही तसेच, वरून खाली." थोडे थांबून म्हणाले, "घराची भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. इथे एक घाव जास्त पडला की खांब गेला. हाऊ गडी इहीर खंदनारा व्हता!"

तिसरे लेणे हे मोठे चैत्यगृह आहे. लांबी सुमारे २६ मीटर, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी आणि शेवटी दगडाचा स्तूप. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातला लेख तिथे आहे, म्हणजे काम दुसऱ्या शतकाच्या शेवटचे. व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत, त्या नंतरच्या. आत पाहिले तर काही खांबांवर नक्षी आणि बाकीचे साधेच ठेवलेले. "पैसे संपले असतील," आई म्हणाली. घर बांधलेल्या बाईला हे बरोबर कळते.

अकरावे लेणे म्हणजे लांबच लांब दालन. त्यात दोन सरळ, बुटके दगडी ओटे भिंतीतून न सोडता जमिनीतूनच कोरून काढले आहेत. समोरासमोर पंगत बसावी तसे भिक्षू इथे बसत असत. आईने त्या ओट्याला टेकून जरा विसावा घेतला आणि विचारले, "एवढ्या लोकांना खायला कोण घालत होते?"

कोण घालत होते?

याचे उत्तर भिंतींवरच लिहून ठेवले आहे. कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले पुष्कळ शिलालेख आहेत आणि त्यांतले बहुतेक दानाचे आहेत. देणारे राजेच होते असे नाही. कल्याण, सोपारा, नाशिक, पैठण इथले व्यापारी होते. सोनार होते, लोहार होते. भिक्षुणींची आणि घरंदाज बायकांचीही नावे आहेत. ज्याची जशी ऐपत तसे दान. कोणी खोली कोरून दिली, कोणी बसायचा ओटा, कोणी चालण्याची वाट, कोणी पाण्याचे टाके. टाक्याला त्या लेखांत 'पोढी' असा शब्द आहे.

रोकड रक्कम ठेव म्हणून देत आणि तिच्या व्याजातून भिक्षूंना पावसाळ्यात वस्त्रे मिळत. शेतेही दिलेली आहेत. बोरिवलीजवळच्या मागाठाणे गावातले शेत दान दिल्याचा लेख कान्हेरीत आहे. आज तिथे उंच इमारती आहेत.

शेताच्या दानावरून नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक लेख आठवतो. गौतमीपुत्र सातकर्णी राजाने तिथल्या भिक्षूंना ककडी गावातले शेत दिले होते. पुढे राजाच्या कानावर आले, की ते शेत कोणी कसत नाही आणि गावही वसत नाही. तेव्हा त्याने दुसरीकडचे, शहराच्या शिवेवरचे शेत दिले आणि तसे दगडावर लिहून ठेवले. एकोणीसशे वर्षांपूर्वीही शेत पडीक पडत होते आणि गाव उठून जात होते. कागदावर किंवा दगडावर जमीन नावावर असून भागत नाही, ती कसणारा माणूस तिथे टिकावा लागतो. हे वाचल्यापासून आमच्या बोअरचा वाद मला निराळाच वाटू लागला आहे. वाद चार इंच पाण्याचा नव्हता. आमच्या पोरांनी रनाळ्यात राहावे की न राहावे, असा होता.

पाणी इथे आहे

या डोंगरावरची खरी शिकवण मात्र खोल्यांच्या बाहेर आहे. बहुतेक लेण्याच्या दाराशी, अंगणाच्या एका कडेला, खडकात खोदलेले टाके असते. तोंड लहान आणि आत पोट मोठे, म्हणजे ऊन कमी लागते आणि पाणी कमी उडते. त्याच्या वर कड्यावर पाहावे तर बोटभर किंवा हातभर रुंदीच्या तिरप्या खाचा कोरलेल्या दिसतात. डोंगरावर पडलेला पाऊस त्या खाचांनी धरायचा, लेण्याच्या तोंडावरून बाजूला वळवायचा आणि टाक्यात सोडायचा. एक टाके भरले की जादा पाणी खालच्या टाक्याकडे जाते. शिवाय मधल्या घळीत ओढ्याला आडवा घातलेल्या जुन्या बांधाचे अवशेष आहेत.

आम्ही गेलो तेव्हा पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. आईने एका टाक्यात वाकून पाहिले आणि मोठ्याने ओरडली, "पानी ते शे रे आठे!" ते पाणी आता पिण्याजोगे नाही, वर शेवाळ आणि पाने होती. पण होते.

मुंबईला पाऊस आपल्या तिप्पट-चौपट पडतो, हे खरे. कोणी म्हणेल, तिथे पाणी साठले यात नवल ते काय? नवल आहे. त्या डोंगरावरही पाऊस चारच महिने पडतो आणि काळ्या खडकावरून घटकाभरात वाहून जातो. उरलेले आठ महिने डोंगर कोरडाच. याच डोंगररांगेच्या पावसावर पुढे इंग्रजांनी मुंबई शहरासाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी असे दोन तलाव बांधले. भिक्षूंनी तेच काम छिन्नी-हातोड्याने, दारादाराशी, सतराशे-अठराशे वर्षे आधी केले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. डोंगरासाठी एकच मोठा हौद नाही. ज्याचे लेणे त्याच्या दाराशी त्याचे टाके. टाके देणाऱ्याचे नाव लेखात, साफ ठेवणारा समोरच राहणारा. आपल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीतही काही शतके हेच सूत्र चालले. बंधारा सगळ्यांचा, पण पाट साफ करणे, पाटकऱ्याने पाणी वाटणे, हे सारे गावाच्या हाती. ज्याचे पाणी त्याचीच राखण.

दुपारी खाली येऊन सावलीत शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. एवढ्यात एका वानराने भाकरीचे फडके पळवले. झाडावर बसून त्याने पहिला घास ठेच्यासकट घेतला आणि फडके टाकून पळाले. नंदुरबारच्या मिरचीने आमची लाज राखली.

घरी आल्यावर

रनाळ्याला आलो त्या रात्री मामांनी दोघा भावांना समोर बसवले. बोअर घ्या किंवा घेऊ नका असे काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त हिशेब मांडायला सांगितला. तो वाचकांनीही आपल्या घरी मांडून पाहावा.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. हिशेबापुरता वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरू. आमच्या गोठ्याचे पत्रे ३० फूट बाय २० फूट, म्हणजे सुमारे ५५ चौरस मीटर. त्यावर वर्षात ३३ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २६ हजार लिटर उरते. एक एकर रानावर तोच पाऊस २४ लाख लिटर होतो. त्यातला दहावा हिस्सा जरी विहिरीकडे वळला, तर २ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे चोवीस टँकर!

धाकट्या भावाने आकडे दोनदा मांडून पाहिले. मग म्हणाला, "एक वर्ष करून पाहू. नाही जमले तर बोअर."

त्या उन्हाळ्यात आम्ही तीन कामे केली. पहिले, विहिरीतला गाळ काढला. वीस वर्षांत तो निघाला नव्हता. दुसरे, शेताच्या उताराच्या बाजूने चर काढून पावसाचे पाणी विहिरीच्या दिशेने आणले. तिसरे, विहिरीपासून दहा-बारा फुटांवर गाळणीचा खड्डा केला.

या खड्ड्याबद्दल नीट सांगतो, कारण इथेच पुष्कळ जण चुकतात. चराचे पाणी सरळ विहिरीत सोडू नये, गाळाने झरे बुजतात. आधी एका लहान खड्ड्यात पाणी थांबू द्यावे, म्हणजे माती खाली बसते. तिथून ते मोठ्या खड्ड्यात घ्यावे. आमचा खड्डा सहा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट खोल आहे. तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू. तळातून पाइप काढून तो विहिरीत सोडला. नुकतीच फवारणी केलेल्या रानातले पाणी त्यात येऊ देऊ नये. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेरच जाऊ द्यावे. पिण्याच्या विहिरीला हा प्रयोग करू नये. दर उन्हाळ्यात वरची वाळू काढून धुवावी किंवा बदलावी. मजुरी, पाइप आणि वाळू धरून जो खर्च आला, तो बोअरच्या खर्चापुढे किरकोळ होता. दगड तर बांधावरचेच होते.

२०२४ चा पाऊस बरा झाला, हे आधीच सांगतो. सगळे श्रेय खड्ड्याला देणे खोटे ठरेल. पण पूर्वी बऱ्या पावसाच्या सालीही विहीर होळीला बसायची. यंदा होळी गेली, गुढीपाडवा गेला, मोटार रोज अर्धा तास चालत राहिली. दोन बिघे मिरची आणि गुरांचा चारा तेवढ्यावर निभावला. पाऊस ओढ देईल त्या वर्षी काय होते ते पाहायचे आहे. ज्या दिवशी विहिरीत पाणी कमी असेल, त्या दिवशी पीकही कमी घ्यायचे, असे दोघा भावांनी ठरवले आहे. कान्हेरीच्या भिक्षूंनाही टाके पाहूनच दिवस काढावे लागत असतील.

२०२५ च्या आखाजीला बहिणी आल्या. निंबाला झोका बांधला. आईने पहाटे उठून स्वतः दोर टाकला. मोटार असताना दोर कशाला, असे कोणी विचारले नाही. विहिरीच्या पाण्याने घागर भरून तिने देवघरापाशी ठेवली, वर खरबूज ठेवले आणि आजोबांचे नाव घेतले.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईला कोणाकडे जाणे झाले तर कान्हेरीसाठी एक दिवस काढावा. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उद्यानाचे दार आहे, आत लेण्यांपर्यंत जायला वाहन मिळते. उद्यान सोमवारी बंद असते. हिवाळ्यात जाणे सोयीचे. पावसाळ्यात गेल्यास खाचांतून टाक्यांकडे धावणारे पाणी प्रत्यक्ष पाहता येते, पण पायऱ्या निसरड्या असतात, म्हाताऱ्या माणसांना वर नेऊ नये. पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. भाकरीचे फडके हातातच धरावे.

आणि तिथे गेलात तर नुसत्या मूर्ती पाहून परतू नका. एखाद्या टाक्यापाशी उभे राहा, मान वर करून कड्यावरची खाच शोधा आणि पाणी कुठून कुठे आले असेल ते बोटाने दाखवून पोरांना सांगा.